व्हॉल्व्ह प्रीअँप घुमतोय

प्रश्न : दोन १२एएक्स७ व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) प्रीअँप, म्हणजे मुख्य अँप्लिफायरआधी सिग्नल वाढवणारी पेटी, बांधला. व्हॉल्यूम शून्यावर असला तरी स्पीकर घुमतो, आणि पेटीला बोट लागलं की ‘टण्ण’ वाजतं.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. घुमणं खर्जातलं, गोल असेल तर ते ५० हर्ट्झचं. आधी हीटरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या विजेच्या तारा बघा. माझ्या पहिल्या प्रीअँपमध्ये त्या सिग्नलच्या तारेला चिकटून गेल्या होत्या. हीटरच्या दोन्ही तारांना एकमेकींभोवती वेणीसारखा घट्ट पीळ घालून त्या चॅसिसच्या (धातूच्या सांगाड्याच्या) कोपऱ्यातून फिरवल्या आणि खोली एकदम शांत झाली. तो क्षण अजून आठवतो! आवाज खरखरीत असेल तर तो १०० हर्ट्झचा, म्हणजे पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर (डीसी सपाट करणारे) तपासा.

‘टण्ण’ हा व्हॉल्व्हचाच दोष. चालू असताना पेन्सिलच्या रबराने काचेवर हलकी टिचकी मारा. जो जास्त वाजेल तो पहिल्या जागेवरून (जिथे सिग्नल आधी येतो) काढून पुढच्या जागी लावा. तिथे त्याचा त्रास कमी होतो.

आणि कळकळीने सांगतो, आत साधारण २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतो. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. मीटर लावून शून्य दिसल्याशिवाय हात घालू नका.