रेप्लिका विकताय? आधी नळीवरचे शिक्के बघा

जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत लिहा, की ही विंचेस्टर 1873 या जुन्या अमेरिकी रायफलीची प्रतिकृती आहे. 'अँटिक' वगैरे शब्द पेरून गिऱ्हाईक ओढायला जाऊ नका, जाणकार लगेच पकडतो. .45 कोल्टची असेल तर प्रश्नच मिटला. मूळ 1873 त्या काडतुसासाठी निघालीच नव्हती.

मग भिंग घ्या. उबेर्ती या प्रतिकृती बनवणाऱ्या इटालियन कंपनीच्या रायफलीवर इटालियन चाचणीचे शिक्के असतात, त्यांतच छोट्या चौकटीत दोन अक्षरं दिसतील. तो रायफल बनल्याच्या सालाचा संकेत. त्याचा स्वच्छ फोटो हवाच, लिव्हर (काडतूस आत सरकवणारा खालचा दांडा) उघडी ठेवून आतलाही एक. काडतूस वर उचलणारा पितळी तुकडा काळवंडला असेल तर असू दे, घासून चकचकीत करू नका (नवशिक्यांना हे पटत नाही, माहीत आहे).

अमेरिकेतला कायदा मात्र नीट समजून घ्या. 1898 पर्यंत बनलेली बंदूक अँटिक. आजची काडतुसं झाडणारी प्रतिकृती कितीही जुन्या धाटणीची असो, कायद्याला ती साधी बंदूकच. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या खासगी गिऱ्हाइकाला थेट पाठवायची नाही; त्याच्या राज्यातल्या परवानाधारक डीलरमार्फतच द्यायची. आपल्या राज्याचे नियमही बघून ठेवा. मूळ खोका जपला असेल तर किंमत थोडी ताणायला हरकत नाही.