नाशिकमध्ये राहून सूर्य-ताऱ्यांवरून जागा काढायला शिकता येईल का?

तुम्ही विचारलंय की जीपीएसशिवाय जहाजावर सूर्य, चंद्र, ताऱ्यांवरून जागा कशी काढतात आणि समुद्रापासून लांब नाशिकमध्ये ते शिकता येईल का. येईल. मी व्यापारी जहाजांवर डेक ऑफिसर होतो, आता इथेच असतो. माझ्या मते यातलं मूळ गच्चीवरच नीट समजतं, कारण गच्ची डोलत नाही.

अक्षांश सोपा. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, जवळपास तितका तुमचा अक्षांश. नाशिक 20 अंशांवर आहे, म्हणून हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढ्या उंचीवर तो सापडेल. कंपासपेटीतल्या कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा, मध्यबिंदूतून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा आणि स्ट्रॉमधून तारा धरा. दोरा 90 च्या खुणेपासून जितका सरकेल तितकी ताऱ्याची उंची. यात अर्धा अंश चुकलात तर जागा 30 सागरी मैल, म्हणजे सुमारे 55 किलोमीटर चुकते. सेक्स्टंटने, म्हणजे आरशांच्या मदतीने कोन मापायच्या जहाजावरच्या उपकरणाने, हीच चूक एखाद-दोन मैलांवर येते.

जहाजावर ओळंबा कामाचा नाही. तिथे सेक्स्टंटच्या आरशातून तारा खाली आणून क्षितिजाला टेकवतात. त्यासाठी तारा आणि क्षितिज एकाच वेळी दिसावे लागतात, म्हणून ताऱ्यांचं काम पहाटे आणि तिन्हीसांजेला, त्या थोड्या वेळातच उरकायचं. अरब नाखवे तर गाठी मारलेली दोरी आणि लाकडी फळी, ज्याला ते कमाल म्हणत, एवढ्यावरच ध्रुवाची उंची मापत.

खरी गोम रेखांशात आहे, आणि तिथे ताऱ्यांपेक्षा घड्याळ महत्त्वाचं. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला 4 मिनिटं. हे घरी पडताळता येतं. 15 एप्रिल किंवा 25 डिसेंबरच्या आसपास गच्चीवर काठी उभी रोवा आणि तिच्या बुंध्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला लागेल ती वेळ लिहा, दुपारनंतर पुन्हा लागेल तीही लिहा. दोन्हींची मधली वेळ म्हणजे तुमची खरी दुपार. (सर्वांत आखूड सावलीची वाट बघत बसू नका, त्या सुमारास ती हलल्यासारखी वाटतच नाही.) नाशिकला ही वेळ सुमारे 12:35 येईल. आपली घड्याळं 82.5 अंश रेखांशावर चालतात, म्हणजे या तारखांना तिथे खरी दुपार 12 वाजता होते; आपली उशिरा होते, म्हणून आपण त्याच्या पश्चिमेला. 35 मिनिटांचे पावणेनऊ अंश त्यातून वजा केले की 73.75 उरतात, आणि नाशिकचा रेखांश 73.8 च्या आसपासच आहे! तारखा याच का, तर इतर बहुतेक दिवशी सूर्य घड्याळाच्या मागेपुढे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला तर 16 मिनिटं. जहाजावर ही दुरुस्ती नॉटिकल अल्मनॅकमधून, म्हणजे सूर्य-ताऱ्यांच्या स्थानांच्या वार्षिक कोष्टकांच्या पुस्तकातून, घेतात.

घड्याळ 4 सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर जागा एक सागरी मैल सरकते. म्हणूनच 1761 मध्ये इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनचं घड्याळ चाचणीसाठी जमैकाला जाणाऱ्या जहाजावर चढवलं गेलं. अशी घड्याळं महाग होती तोवर चंद्राचं ताऱ्यापासूनचं अंतर मापून वेळ काढत. चंद्र तासाला साधारण अर्धा अंशच सरकतो, त्यामुळे माप जरा चुकलं की रेखांश भलताच येई, शिवाय आकडेमोड लांबलचक. नोकरीत मला ती कधी करावी लागली नाही, आणि त्याचं दुःखही नाही.

एक सांभाळा: स्ट्रॉमधून सूर्याकडे कधीही बघू नका. सूर्यासाठी काठीची सावलीच वापरा.