स्फटिकांचा ‘कल’ की ‘रोख’?

धातूच्या पातळ थरांवरच्या एका मराठी मजकुरात ‘निक्षेपणाचा कोन वाढवला की स्फटिकांचा कल बदलतो’ असं वाक्य आहे. इथे ओरिएंटेशनला, म्हणजे स्फटिकांचं तोंड कुठल्या दिशेला आहे याला, ‘कल’ म्हणणं बरोबर का, असा प्रश्न आला आहे.

माझ्या मते नाही, कारण ‘कल’ इथे दुसऱ्याच गोष्टीसाठी लागतो.

निर्वात पात्रात धातूची वाफ करून ती काचेवर बसवतात, हेच निक्षेपण. काच तिरकी धरली की आधी बसलेल्या उंचवट्यांची सावली मागच्या जागेवर पडते. तिथे अणू पोचत नाहीत, उंचवटेच वाढत जातात आणि वाफेच्या दिशेला झुकलेले सुटे खांब उभे राहतात. हे झुकणं म्हणजे कल. न्यूवेनहाउझेन आणि हान्स्ट्रा यांनी १९६६ साली त्याचा नियम मांडला : वाफेच्या कोनाचा टॅन्जंट हा खांबाच्या कोनाच्या टॅन्जंटच्या दुप्पट असतो. म्हणजे वाफ ६० अंशांनी आली तर खांब सुमारे ४१ अंश कलतात. (दोन्ही कोन काचेला काढलेल्या लंबापासून. हे लिहिलं नाही तर वाचक काचेपासून मोजतो आणि सगळं उलटं होतं.) फार तिरक्या वाफेला हा नियम नीट लागू पडत नाही, खांब त्याहून ताठ राहतात.

स्फटिकांचं निराळं. खांबाच्या आत अणूंची प्रतलं (अणू ज्या सपाट पातळ्यांत रचलेले असतात त्या) कुठे तोंड करून आहेत, हे ओरिएंटेशन. वाफ सरळ आली तर ॲल्युमिनियम, तांबं, सोनं यांच्या थरांत सहसा (१११) या खुणेने ओळखलं जाणारं प्रतल काचेला समांतर बसतं. त्यात अणू सर्वांत दाटीने असतात, त्यामुळे त्याची पृष्ठऊर्जा कमी असते. लंबाभोवती मात्र स्फटिक कसेही फिरलेले असतात. तिरक्या वाफेत ही प्रतलं ढळतात आणि बऱ्याचदा फिरण्याची मोकळीकही जाते : ज्या स्फटिकांची वाढ जोमदार ते टिकतात, बाकीचे सावलीत अडकतात. पण खांब चांगलाच कललेला आणि आतली प्रतलं जेमतेम ढळलेली, असंही होतं. कल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली थराच्या छेदात दिसतो; प्रतलांची दिशा कळायला सहसा क्ष-किरण वापरतात.

म्हणून ओरिएंटेशनला ‘रोख’ म्हणावं. ‘बोलण्याचा रोख कुणाकडे होता’ असं आपण विचारतोच. तोंड कुठे, एवढंच तो शब्द सांगतो. ग्रंथात ‘दिग्विन्यास’ही चालेल. बहुतेक स्फटिकांचा रोख एकच असला तर इंग्रजीत त्याला टेक्स्चर म्हणतात, पण त्याचा ‘पोत’ करू नये. पोत हाताला लागतो, हा लागत नाही.

वाक्य मी असं लिहीन : ‘वाफ लंबापासून जितकी तिरकी, तितका खांबांचा कल वाढतो, स्फटिकांचा रोखही बदलतो, पण त्याच मापाने बदलेल असं नाही.’