देणगी आणि नामफलक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाची जुनी इमारत पाडून नवी बांधायची आहे. एका देणगीदारांनी बांधकामाच्या सुमारे एक तृतीयांश खर्चाइतकी रक्कम देऊ केली आहे. ‘ही इमारत यापुढे कायम माझ्या वडिलांच्या नावाने ओळखली जाईल’ असा ठराव कार्यकारिणीने करावा, एवढीच त्यांची अट आहे. काही सदस्य म्हणतात की चालून आलेली देणगी परत पाठवू नये, तर काहींना हा नाव विकण्याचा प्रकार वाटतो. कार्यकारिणीची सदस्य म्हणून मी काय भूमिका घ्यावी?

उत्तर : देणगी घ्यावी, असेच माझे मत आहे, पण ठराव या शब्दांत करू नये. वडिलांची आठवण राहावी म्हणून ग्रंथालयाला पैसे देणाऱ्या माणसाच्या भावनेत आक्षेप घेण्यासारखे काही नाही, आणि त्या बदल्यात संस्थेने नाव देण्यातही गैर नाही. मात्र ही इमारत कार्यकारिणीच्या मालकीची नाही. ती वाचकांची आहे, पुढच्या वाचकांचीही आहे आणि आपण तिचे विश्वस्त आहात. विश्वस्ताने हातातली वस्तू वापरायला द्यावी, पण किती काळासाठी, कोणत्या मोबदल्यात आणि कोणत्या अटींवर, हे लिहून ठेवावे. आपल्या ठरावात नेमके हेच सुटले आहे. इमारत आणखी काही दशकांनी पुन्हा पाडावी लागली, तर नव्या वास्तूवर हे नाव राहणार का? वाचनकक्ष वाढवण्यासाठी उद्या दुसऱ्या कुणी याहून मोठी रक्कम देऊ केली, तर त्यांचे नाव कुठे लावायचे? कबूल केलेली रक्कम पूर्ण आली नाही, तर फलकाचे काय करायचे? ‘कायम’ असे एकदा लिहिले, की या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यकारिणीला वकिलाकडे जाऊन शोधावी लागतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यू यॉर्कच्या लिंकन सेंटर या कलासंकुलातील संगीत सभागृहाचे आहे. 1962 मध्ये ते सुरू झाले तेव्हा त्याचे नाव फिलहार्मोनिक हॉल असे होते. 1973 मध्ये एव्हरी फिशर यांनी 1 कोटी 5 लाख डॉलरची देणगी दिली आणि सभागृहाला त्यांचे नाव कायमचे देण्यात आले. पुढे त्याच्या संपूर्ण नूतनीकरणाची गरज निर्माण झाली. तेवढा पैसा उभा करायचा तर मोठा देणगीदार हवा, आणि तो मिळवायचा तर त्याला देण्यासाठी नाव मोकळे हवे, अशी अडचण होती. अखेर 2014 मध्ये संस्थेने फिशर कुटुंबीयांना दीड कोटी डॉलर देऊन नाव सोडवून घेतले. पुढच्या वर्षी डेव्हिड गेफन यांनी 10 कोटी डॉलर दिले आणि सभागृहाला त्यांचे नाव लागले. सुमारे 55 कोटी डॉलर खर्चून नूतनीकरण झालेली वास्तू 2022 मध्ये खुली झाली. चलनवाढ लक्षात घेतली तर 1973 ची रक्कम फार मोठी होती, आणि फिशर कुटुंबीयांनी काही वावगे केले असेही मी म्हणणार नाही, कारण संस्थेने दिलेला शब्द पाळला जावा एवढाच त्यांचा आग्रह होता. परंतु आपल्याच सभागृहाचे नाव बदलण्यासाठी संस्थेला पदरचे पैसे मोजावे लागले, ते तिने स्वतः लिहून दिलेल्या एका शब्दामुळे. त्याच आवारातील नाट्यगृहाचे 2008 मध्ये नामकरण झाले तेव्हा संस्था अधिक सावध झालेली दिसते. डेव्हिड कोक यांनी 10 कोटी डॉलर देण्याचे मान्य केले आणि नाट्यगृहाला त्यांचे नाव मिळाले. मात्र 50 वर्षांनंतर ते बदलता येईल, आणि तशी वेळ आली तर नव्या देणगीची पहिली संधी कोक कुटुंबीयांना मिळेल, असे ठरले.

आपल्या देणगीदारांसमोरही असाच प्रस्ताव ठेवावा. नाव इमारतीच्या उपयुक्त आयुष्यापुरते किंवा ठरावीक वर्षांपुरते राहील, मुदत संपल्यावर पहिली विचारणा त्यांच्या वारसांकडे होईल आणि इमारत पाडली गेली तरी नव्या वास्तूत दर्शनी भागी वडिलांचा स्मृतिफलक लावला जाईल, एवढे लेखी द्यावे. बहुतेक देणगीदारांना यात आपला मान कमी झाल्यासारखे वाटत नाही, उलट संस्था जबाबदारीने चालवली जाते असा विश्वास वाटतो. एक तृतीयांश रकमेसाठी संपूर्ण इमारतीचे नाव द्यावे का, हा वेगळा प्रश्न आहे. माझ्या मते निम्म्याहून कमी वाटा असेल तर मुख्य वाचनकक्षाला किंवा बालविभागाला नाव द्यावे आणि इमारत ग्रंथालयाच्याच नावाने ओळखली जावी.

आणखी एक गोष्ट देखभालीची. इमारत उभी करण्याचा खर्च एकदाच येतो; पण छताची गळती, विजेचे देयक, नवी पुस्तके आणि कर्मचाऱ्यांचे वेतन हा खर्च कधीच थांबत नाही, आणि त्यावर कुणाचे नाव कोरता येत नसल्याने त्यासाठी देणगीही सहसा मिळत नाही. अमेरिकी उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून 1883 ते 1929 या काळात जगभरात अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. इमारतीला आपले नाव द्यावे अशी अट ते घालत नसत. जागा गावाने द्यावी आणि बांधकामासाठी दिलेल्या रकमेच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी खर्च करावी, ही मात्र त्यांची नेहमीची अट असे. ग्रंथालय बांधण्यापेक्षा ते चालवणे अवघड आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपण देणगीतील काही भाग कायम निधी म्हणून वेगळा ठेवून त्याच्या व्याजातून देखभाल करण्याची तरतूद करून घेतली, तर वडिलांचे नाव असलेली इमारत कळा गेलेल्या अवस्थेत दिसणार नाही. देणगीदारांना हा मुद्दा पटण्यासारखा आहे.

प्रश्न : सरकारी रुग्णालय नागरिकांच्या करातून उभे राहते. मग एखाद्या धनिकाने तुलनेने थोडी रक्कम दिली म्हणून संपूर्ण रुग्णालयावर त्याचे नाव यावे, हे न्याय्य आहे का?

उत्तर : नाही, आणि हा आक्षेप केवळ भावनिक आहे असेही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयाच्या नव्या इमारतीसाठी 2008 मध्ये तेथील मतदारांनी 88 कोटी 74 लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. त्या कर्जाची परतफेड नागरिकांच्या करातूनच व्हायची होती. 2015 मध्ये मार्क झुकरबर्ग आणि प्रिसिला चॅन यांनी साडेसात कोटी डॉलर दिले आणि रुग्णालयाच्या नावाआधी झुकरबर्ग हे नाव जोडले गेले. ती देणगी रुग्णांच्या उपयोगाची होती, याबद्दल वाद नाही. पण ती कर्जरोख्यांच्या रकमेच्या दहाव्या भागाहूनही कमी होती, आणि उरलेला भार उचलणाऱ्या लाखो करदात्यांचे नाव कुठेही नाही. 2020 मध्ये शहराच्या निर्वाचित मंडळाने या नामकरणाचा निषेध करणारा ठराव केला. ठराव बंधनकारक नव्हता, त्यामुळे नाव तसेच राहिले.

या बाबतीत मला रकमेहूनही महत्त्वाची वाटते ती निर्णयाची पद्धत. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या वास्तूला नाव द्यायचे असेल, तर कराराचा मसुदा आधी लोकांसमोर ठेवावा, हरकतींसाठी मुदत द्यावी आणि निर्णय खुल्या बैठकीत व्हावा. करार झाल्यावर पत्रक काढून बातमी देणे म्हणजे लोकांना विचारणे नव्हे. रुग्णालयाच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवे, कारण आजारी माणूस तिथे स्वतःच्या निवडीने जात नसतो. एखाद्या कंपनीचे किंवा व्यक्तीचे नाव दारावर वाचून ‘इथे आपल्याला परवडेल का’ असा संशय गरीब रुग्णाच्या मनात आला, तर सार्वजनिक रुग्णालयाचा मूळ हेतूच बाधित होतो. विभागाला, तपासणी कक्षाला किंवा यंत्रसामग्रीला देणगीदाराचे नाव देता येते. संपूर्ण संस्थेचे नाव मात्र लोकांचेच राहावे.

प्रश्न : नाव दिल्यानंतर देणगीदाराची बदनामी झाली किंवा त्याचे दिवाळे निघाले, तर संस्थेला नाव काढता येते का?

उत्तर : करारात तशी तरतूद असेल तर सहज काढता येते, नसेल तर फार कष्टाने. सॅकलर कुटुंबाचे उदाहरण सर्वपरिचित आहे. ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामक औषधामुळे अमेरिकेत व्यसनाधीनतेचे जे संकट ओढवले, त्यात या कुटुंबाच्या पर्ड्यू फार्मा कंपनीची भूमिका उघड होत गेली. तेव्हा ज्या संग्रहालयांच्या आणि विद्यापीठांच्या भिंतींवर त्यांचे नाव होते, त्या सर्वांची कोंडी झाली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने 2019 मध्ये नाव उतरवले; दालनाला दिलेले नाव 20 वर्षांपलीकडे राहत नाही, असे त्यांच्या प्रमुखांनी सांगितले. ठरलेली मुदत संपलेली असल्याने संस्थेला कुणाच्या चारित्र्यावर जाहीर निवाडा देण्याची गरज उरली नाही. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला मात्र डिसेंबर 2021 मध्ये कुटुंबीयांशी सहमती करून सात दालनांवरचे नाव काढावे लागले.

याच प्रकरणाची दुसरी बाजूही विसरता कामा नये. याच कुटुंबातील आर्थर सॅकलर यांचे निधन 1987 मध्ये झाले आणि ऑक्सिकॉन्टिन बाजारात आले 1996 मध्ये. त्या औषधाच्या विक्रीशी त्यांचा थेट संबंध येऊच शकत नव्हता. औषधांच्या आक्रमक जाहिरातबाजीचे तंत्र त्यांनीच रूढ केले, असा आरोप त्यांच्यावर होतो, तरीही हार्वर्ड विद्यापीठाने 2024 मध्ये त्यांचे नाव काढण्यास नकार दिला. म्हणून ‘बदनामी झाल्यास नाव काढले जाईल’ एवढे मोघम वाक्य करारात पुरेसे नाही. बदनामी म्हणजे काय, न्यायालयात दोषी ठरणे की केवळ आरोप होणे. दोष कुणाचा, देणगीदाराचा की त्याच्या नातेवाइकांचा. निर्णय कोण घेणार, आणि रक्कम परत करावी लागणार की नाही, हे सर्व स्पष्ट लिहावे. ते देणगी घेतानाच लिहावे, कारण त्या वेळी दोन्ही बाजूंच्या मनात सद्भावना असते.

दिवाळे निघण्याचा धोका वेगळा आहे आणि तो टाळणे तुलनेने सोपे आहे. एफटीएक्स या कूटचलनाच्या (क्रिप्टोकरन्सीच्या) कंपनीने 2021 मध्ये मायामीतील काउंटीच्या मालकीच्या क्रीडागृहाला आपले नाव देण्यासाठी 19 वर्षांचा साडेतेरा कोटी डॉलरचा करार केला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. ही देणगी नव्हती, सरळ जाहिरातीचा व्यवहार होता. पण हप्त्यांवर विसंबून नाव देणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्यातून धडा घ्यावा. रक्कम हप्त्यांनी येणार असेल, तर निदान निम्मी रक्कम जमा होईपर्यंत फलक लावू नये, आणि हप्ते थांबल्यास नाव आपोआप रद्द होईल, असे कलम असावे.

प्रश्न : माझ्या आईच्या स्मरणार्थ एका सार्वजनिक शाळेला प्रयोगशाळा बांधून द्यावी, अशी इच्छा आहे. पण आईचे नाव द्या असे सांगायला संकोच वाटतो. नावाची अपेक्षा ठेवली तर दानाचे मोल कमी होते का?

उत्तर : संकोच बाळगू नका. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा अशाच इच्छेतून उभा राहिला. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी 1864 मध्ये त्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव द्यावे, अशी इच्छा व्यक्त केली. पुढच्याच वर्षी बाजार कोसळून त्यांची बरीच संपत्ती गेली. परंतु देणगी आधीच दिलेली होती, आणि 1878 मध्ये मनोरा पूर्ण झाला. दुसऱ्या टोकाला अमेरिकी उद्योजक चक फीनी आहेत. त्यांनी आपल्या संस्थेमार्फत आयुष्यात आठ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दान केली, पण त्या पैशातून उभ्या राहिलेल्या इमारतींवर आपले नाव लावू दिले नाही. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. तरीही सर्वांनी तसेच करावे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलीला फलकावर नाव असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही, आणि फलक पाहून दुसऱ्या कुणाला देण्याची प्रेरणा झाली तर शाळेचा लाभच आहे.

मात्र शाळेला काय हवे आहे, हे आधी मुख्याध्यापकांना विचारा. प्रयोगशाळेपेक्षा मुलींसाठी स्वच्छतागृहाची किंवा पिण्याच्या पाण्याच्या टाकीची गरज अधिक असेल, तर त्यालाही आईचे नाव द्यायला आपण तयार आहात का, याचा विचार करावा. फलकावर आईचे नाव आणि वर्ष पुरे. रक्कम लिहू नये. प्रयोगशाळा पाहायला जाल तेव्हा रसायने आणि काचसामान दरवर्षी कोणत्या पैशातून घेतले जाते, तेही विचारून घ्या आणि जमल्यास त्यासाठी थोडी रक्कम वेगळी ठेवा.