कोबाल्ट ट्रायफ्लोराइड हाताळण्यापूर्वी

सप्रेम आशीर्वाद.

प्रकल्पासाठी कोबाल्ट ट्रायफ्लोराइड हे दुसऱ्या संयुगांना फ्लोरिन देणारे संयुग निवडल्याचे तू कळवलेस, याचा फार आनंद झाला. मात्र या फिकट तपकिरी चुर्णाला फळीवरच्या इतर क्षारांप्रमाणे समजू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कोबाल्टच्या साध्या क्षारांत धातूची +२ ही ऑक्सिडीकरण अवस्था स्थिर असते. येथे फ्लोरिनने त्याला +३ अवस्थेपर्यंत नेलेले असते आणि संधी मिळताच ते एक फ्लोरिन सोडून गुलाबी डायफ्लोराइड बनते. तापवलेल्या चुर्णावरून हायड्रोकार्बनची वाफ नेली, की प्रत्येक कार्बन-हायड्रोजन बंधामागे ट्रायफ्लोराइडची दोन एकके खर्ची पडतात. त्यांतला एक फ्लोरिन कार्बनला जोडला जातो, तर दुसरा हायड्रोजन फ्लोराइडच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेल्या डायफ्लोराइडवर साधारण २५० अंश सेल्सिअसला फ्लोरिन वायू सोडला, की मूळ संयुग परत मिळते. फ्लोरिनच्या थेट अभिक्रियेत एकदम बाहेर पडणारी उष्णता अशी दोन टप्प्यांत विभागली जाते, त्यामुळे कार्बनची साखळी तुटण्याचे प्रमाण बरेच घटते. मला या रसायनशास्त्रातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. दुसऱ्या महायुद्धात युरेनियम हेक्झाफ्लोराइड या अत्यंत क्रियाशील संयुगापुढे टिकणारी वंगणे हवी होती, तेव्हा पूर्ण फ्लोरिनयुक्त कार्बन संयुगे याच मार्गाने बनवली गेली.

आता ओलाव्याविषयी, कारण मुंबईच्या पावसाळ्यात तोच तुझा खरा प्रतिस्पर्धी आहे. हे संयुग पाण्याचे ऑक्सिडीकरण करून ऑक्सिजन मुक्त करते आणि सोबत हायड्रोजन फ्लोराइड तयार होते. भांडे काचेचे असेल, तर हा वायू काचेतील सिलिकाशी अभिक्रिया करून पुन्हा पाणी निर्माण करतो, ते पाणी आणखी ट्रायफ्लोराइड नासवते, आणि बाहेरचा ओलावा पूर्ण अडवला तरी ही साखळी आतल्या आत चालू राहते. म्हणून अभिक्रियेसाठी निकेलचे किंवा मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) भांडे घे. फ्लोरिनच्या संपर्काने त्यांच्या पृष्ठभागावर धातूच्या फ्लोराइडचा पातळ थर बसतो आणि तोच पुढे आतल्या धातूचे रक्षण करतो. साठवणीला टेफ्लॉनची कोरडी बाटली चालेल. वजन ड्राय बॉक्समध्येच (आतली हवा कोरडी ठेवलेल्या बंद पेटीत) करावे, आणि आतली आर्द्रता मोजल्याशिवाय बाटलीचे झाकण काढू नये. वातानुकूलित खोली म्हणजे कोरडी खोली नव्हे.

हायड्रोजन फ्लोराइडची इजा अनेकदा सुरुवातीला दुखत नाही आणि तरीही आतवर पोहोचते, त्यामुळे कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी ठेव, एकट्याने काम करू नकोस, आणि त्वचेला संपर्क झाल्याची नुसती शंका आली तरी भरपूर पाण्याने धुऊन, जेल लावून लगेच रुग्णालय गाठ. तुझ्या उपकरणाची आकृती तयार झाली की मला पाठव. जोडण्यांत कोठे काच राहिली आहे का, ते आपण दोघे मिळून पाहू.

तुझा हितचिंतक