केस पिकायला लागलेत, पण काळाकुट्ट रंग नको. सौम्य दिसेल असा कोणता लावू?

ताई, वय ४२, पांढरे केस कानशिलांवर आणि भांगात, काळा रंग लावला की चेहरा उग्र दिसतो, आणि म्हापशाला रोज स्कूटरने ये-जा, असं तुम्ही लिहिलंय. फोंड्यात माझं पार्लर आहे. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की हाच प्रश्न घेऊन बायका येतात, आणि सगळ्यांना मी एकच सांगते: काळा सोडा, तपकिरी घ्या.

आपले मूळचे केससुद्धा ठार काळे नसतात. उन्हात बट धरून बघा, गडद तपकिरी दिसेल. पाकिटावरचा १ नंबर त्याहून काळा, म्हणून तो चेहऱ्यावर टोपीसारखा बसतो. शिवाय केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. तीन आठवड्यांत भांगात पांढरी रेघ उठते आणि काळ्याशेजारी ती लांबूनही कळते. तपकिरीशेजारी तीच रेघ पुसट राहते. बहुतेक कंपन्यांत ३ म्हणजे गडद तपकिरी, ४ मध्यम, ५ फिकट. तुमच्यासाठी साधा ४ घ्या, आणि तो फारच उजळ वाटला तर ३. पांढऱ्या केसात स्वतःचा रंग नसतो, त्यामुळे ट्यूबमधली छटा त्यावर उघडी पडते. बर्गंडी (गडद लाल) तिथे गुलाबीसर दिसते, ॲश (राखेसारखी छटा) निस्तेज राखाडी.

आता प्रकार. पांढरे केस तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी असतील तर डेमी-परमनंट, म्हणजे कायम न टिकणारा रंग, पुरे. त्यातला डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं पेरॉक्साइडचं द्रावण, सौम्य असतो, बहुधा १० व्हॉल्यूम, म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड. वीसेक वेळा केस धुतल्यावर हा रंग हळूहळू उतरतो. पांढरा केस पूर्ण झाकला जात नाही, त्यावर हलका तपकिरी चढतो आणि हायलाइट केल्यासारखं दिसतं. मला तर हेच जास्त देखणं वाटतं. अर्ध्याहून जास्त पिकले असतील तर मात्र २० व्हॉल्यूमचा परमनंट लागतो. तोही दर वेळी फक्त मुळांना लावावा, टोकांपर्यंत ओढला की केस कोरडे पडतात. कानशिलांवरचे केस हट्टी असतात, म्हणून लावायला सुरुवात तिथूनच करा.

‘अमोनिया-फ्री’ वाचून निर्धास्त होऊ नका, ही कळकळीची विनंती. अमोनिया नसला तरी पेरॉक्साइड असतं, आणि बहुतेकांत पीपीडी (केसांना गडद रंग देणारं रसायन) किंवा त्याच्यासारखं दुसरं रसायनही. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याची: टाळू खाजते, डोळे सुजतात. कानामागे थोडासा रंग लावून ४८ तास थांबा, आधी कधी त्रास झाला नसला तरीही. बाजारातल्या ‘काळ्या मेहंदी’च्या पुड्यांतही पुष्कळदा पीपीडीच असतं. काहींत धातूचे क्षार असतात, आणि त्यावर पेरॉक्साइडचा रंग लावला की केस खराब होऊ शकतात. तशी पूड वापरली असेल तर पार्लरमध्ये आधी सांगा आणि एका बटेवर करून बघायला लावा. शुद्ध मेहंदी पांढऱ्यावर केशरी चढते. वरून नीळ लावली तर तपकिरी होते, पण दोन्हींना मिळून अर्धा दिवस जातो.

आपल्याकडच्या उन्हात कुठलाही तपकिरी काही आठवड्यांत तांबूस होतो. स्कूटरवर हेल्मेटखाली सुती स्कार्फ बांधा. विहिरीच्या पाण्याने बादलीला तांबूस डाग पडत असतील तर त्यात लोह आहे. ते केसांवरही बसतं, तेव्हा शेवटचं पाणी तरी नळाचं घ्या. समुद्रात उतरण्याआधी केस गोड्या पाण्याने भिजवून घ्या, म्हणजे खारं पाणी कमी शोषलं जातं.

चवथीसाठी करायचं असेल तर आठ दिवस आधी करा. पहिल्या दिवशी रंग ठरवल्यापेक्षा गडद दिसतो, दोनदा केस धुतले की खरी छटा येते, आणि कपाळाला लागलेला डागही तोवर निघून गेलेला असतो.