साडेअठरा लाखांची फॉर्च्युनर आणि चाकणचा रोजचा रस्ता

प्रश्न: वय 38. राहतो खराडीत, नोकरी चाकण एमआयडीसीत. रोजचं जाणं-येणं 64 किलोमीटर. सध्या 2013 ची वॅगन-आर सीएनजी आहे. दोन महिन्यांपूर्वी चाकणच्या तळेगाव चौकाजवळ मागून ट्रक घासून गेला. कुणाला लागलं नाही, पण बायको तेव्हापासून म्हणते, मोठी गाडी घ्या. एका डीलरकडे 2017 ची फॉर्च्युनर डिझेल ऑटोमॅटिक पाहिली. 92,000 किमी, हरियाणा पासिंग, किंमत 18.5 लाख. 6.5 लाख एफडीतून आणि 12 लाख कर्ज, असं ठरवलंय. डीलर 12.5 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी 27,000 चा हप्ता सांगतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1,53,000. गृहकर्जाचा हप्ता 38,000, एसआयपी 12,000, मुलांची शाळा आणि क्लास 15,000, घरखर्च 42,000, गावी आई-बाबांना 10,000, विम्याचे हप्ते महिन्याला सरासरी 5,000, गाडीचा सगळा खर्च 9,000. म्हणजे 22,000 शिल्लक राहतात. घरखर्चात पाच हजारांची कपात केली की हप्ता बसतो. एफडी एकूण 9.5 लाखांची आहे. वर्षातून पाचेक वेळा आई-बाबांसह सात जण कराडला जातो, त्यालाही ही गाडी कामी येईल. 20,000 टोकन दिलंय. घेऊ का?

उत्तर: नमस्कार. ही गाडी घेऊ नका. पण वॅगन-आर बदला, आणि ते फार लांबवू नका. तुमच्या पत्नीची भीती खरी आहे. आपल्याकडे सर्व गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं ते एप्रिल 2019 पासून, आणि चालकाची एअरबॅग जुलै 2019 पासून. 2013 च्या वॅगन-आरच्या बहुतेक व्हेरियंटमध्ये यातलं काहीच नव्हतं. अवजड ट्रकच्या रस्त्यावर रोज 64 किलोमीटर जाणाऱ्या माणसाने यापेक्षा सुरक्षित गाडी घ्यायला हवी, यात मला तरी शंका वाटत नाही. फक्त सुरक्षित म्हणजे मोठी, असं धरून चालल्यामुळे हिशोब 18 लाखांवर गेला आहे.

तुम्ही हप्ता 27,000 आणि शिल्लक 22,000 या दोनच आकड्यांकडे पाहिलंत. दारात उभी राहिल्यावर ही गाडी आणखी काय मागेल ते बघू. महिन्याचे 24 दिवस धरले तर ऑफिसचंच अंतर 1,536 किमी होतं. 2.8 लिटरचं इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअर असलेली ही गाडी भोसरी, मोशी, चाकणच्या रांगांमधून लिटरला 9 किमी देईल असं धरा. डिझेल 91 रुपये धरलं तर महिन्याला 15,500. विम्यात 1500 सीसीवरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीच्या कव्हरचा) दर 2022 च्या दरपत्रकानुसार 7,897 रुपये आहे, त्यावर 18 टक्के जीएसटी. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर धरून वर्षाला 35,000 च्या आसपास जातील, म्हणजे महिन्याला 3,000. देखभालीला महिन्याला 5,000 बाजूला ठेवा. हा आकडा मोठा वाटेल, पण 92,000 किमी झालेल्या गाडीला पुढच्या दोन-तीन वर्षांत ब्रेक डिस्क, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, सस्पेन्शनचे बुश, गिअरबॉक्सचं ऑइल हे सगळं लागणार आहे. या मापाच्या चार टायरचा सेटच पन्नास-साठ हजारांच्या घरात जातो.

बेरीज 50,500. त्यातून आजच्या गाडीचे 9,000 वजा केले तर वाढीव खर्च 41,500. तुमच्याकडे उरतात 22,000. म्हणजे दर महिन्याला 19,500 कमी पडणार. घरखर्चातून पाच हजार कापले तरी साडेचौदा हजारांचं भगदाड राहतंच, आणि ते एकाच जागेवरून भरलं जाईल, तुमच्या एसआयपीतून. मुलांच्या शिक्षणासाठीची गुंतवणूक अशीच बंद पडते. कुणी मुद्दाम ती थांबवत नाही. एका महिन्यात टायर येतात, दुसऱ्या महिन्यात विमा येतो, आणि 'पुढच्या महिन्यापासून परत सुरू करू' म्हणत वर्ष निघून जातं.

बरं, हा 27,000 चा हप्ता तरी पक्का आहे का? डीलरने तोंडी सांगितलंय. कर्ज संपताना गाडीचं वय दहा ते बारा वर्षांच्या पुढे जाऊ नये अशी अट बऱ्याच बँका घालतात. 2017 च्या गाडीला पाच वर्षांचं कर्ज त्या अटीत बसत नाही. ऐन वेळी मुदत तीन वर्षांवर आली तर त्याच 12 लाखांचा हप्ता 40,100 होतो. तेव्हा मंजुरीचं पत्र हातात नसताना त्या 27,000 वर काहीच ठरवू नये.

आता हरियाणा पासिंगबद्दल, कारण ते तुम्ही अगदी सहज लिहून गेलात. दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर पट्ट्यात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो उचलून धरला. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई नको म्हटलं, तरी बाजाराच्या मनातली भीती गेलेली नाही. गुरुग्राम, फरीदाबादकडच्या आठ-नऊ वर्षांच्या मोठ्या डिझेल गाड्या म्हणूनच आपल्याकडे येतात आणि एमएच पासिंगपेक्षा स्वस्त दिसतात. त्या वाईटच असतात असं नाही. पण गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी आणून इथे नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. नव्या डिझेल गाडीवर आपल्याकडे हा कर 20 लाखांपुढे 15 टक्के आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी लागतो, तरी या किमतीच्या गाडीला लाख-दीड लाखांची तयारी ठेवावी लागेल. हे पैसे 18.5 लाखांत धरलेत की वेगळे, हे डीलरने लिहून दिलंय का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो.

पण माझा मोठा आक्षेप एफडीला हात लावण्यावर आहे. पगार थांबला तर एसआयपी सोडून तुमच्या घराला महिन्याला 1,19,000 लागतात, त्यातला गृहकर्जाचा हप्ता एक दिवसही थांबत नाही. सहा महिन्यांचे झाले साधारण 7.1 लाख. ही रक्कम माझ्या मते हात न लावण्याची. वाहनउद्योगात ऑर्डर कमी झाल्या की सुटे भाग बनवणाऱ्यांना पहिली झळ लागते, हे चाकणमध्ये नोकरी करताना तुम्ही पाहिलंच असेल. साडेसहा लाख काढले की तीन लाख उरतात. म्हणजे अडीच महिने. आणि तेव्हा पदरी नव्या गाडीचा हप्ताही असेल.

तेव्हा मोकळे पैसे किती, तर 9.5 मधून 7.1 गेले, 2.4 लाख. वॅगन-आर सीएनजीचे पावणेदोन लाख आले तर झाले 4.15 लाख. त्यातले साडेतीन लाख रोख आणि चार लाख कर्ज, अशी साडेसात लाखांची गाडी तुमच्या घराला झेपते. त्याच 12.5 टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता 13,400. उरलेले 65,000 ट्रान्सफर, विमा आणि पहिल्या सर्व्हिसिंगला.

या पैशात मी काय बघेन? 2020-21 ची महिंद्रा एक्सयूव्ही 300 डिझेल. या मॉडेलला जानेवारी 2020 मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेचे पाच स्टार मिळाले होते. इंजिन 1497 सीसी, त्यामुळे थर्ड पार्टीचा दर 3,416 वर येतो. तुमच्या रस्त्यावर 15 चं अ‍ॅव्हरेज धरलं तर महिन्याचं डिझेल 9,300. विमा 1,800 आणि देखभाल 2,500 धरा. हप्त्यासह बेरीज 27,000, म्हणजे आजच्यापेक्षा 18,000 जास्त. तुमच्या 22,000 मध्ये बसते, चार हजार उरतात आणि एसआयपीला धक्का लागत नाही. शिवाय तीन वर्षांनी हप्ता संपतो. एक काळजी मात्र घ्या: बीएस 6 डिझेलच्या डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) सतत रांगेत चालून काजळी साचते, तेव्हा आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवायला हवी. घेण्याआधी डीपीएफबाबत काही काम झालंय का, हे सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बघा. ही कटकट नको असेल तर पेट्रोल नेक्सॉन बघा. तिलाही डिसेंबर 2018 मध्ये पाच स्टार मिळाले होते. पेट्रोलचा खर्च मात्र डिझेलपेक्षा दोन-तीन हजारांनी वाढेल.

सोसायटीत स्वतःच्या पार्किंगला चार्जिंग पॉइंट मिळत असेल तर जुनी नेक्सॉन ईव्हीही विचारात घ्या. रोजचे 64 किमी हा तिच्यासाठी अगदी जमणारा पल्ला आहे. महिन्याला साधारण 250 युनिट लागतील. घरगुती मीटरच्या वरच्या स्लॅबने धरलं तरी चार-साडेचार हजारांत भागतं. बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी किती शिल्लक आहे ते कागदावर बघून घ्या. मात्र सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी नसेल तर हा विचार सोडून द्या.

सुरक्षेबद्दल आणखी थोडं. फॉर्च्युनर भक्कम आहे, तिला आसियान एनकॅपचे पाच स्टारही आहेत. पण लॅडर फ्रेमची (ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेली) उंच, जड गाडी ब्रेक दाबल्यावर थांबायला जास्त जागा घेते आणि अचानक वळवली तर जास्त झुकते. तुमच्या रस्त्यावरचा धोका म्हणजे रांगेत शेजारून घासणारा ट्रेलर आणि मधून शिरणारी दुचाकी. तिथे 1855 मिमी रुंदीची गाडी चालवणं सोपं नाही, आणि एकदा बंपर-फेंडर घासलं की या गाडीचं बिल हजारांत नाही, दहा-दहा हजारांत मोजावं लागतं. नऊ वर्षांच्या गाडीला बहुतेक विमा कंपन्या झीरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर) देत नाहीत, त्यामुळे प्लास्टिकच्या भागाचा निम्मा खर्च खिशातून जातो.

कराडच्या फेऱ्या राहिल्या. सात जण एक्सयूव्ही 300 मध्ये मावणार नाहीत, हे खरं. पुण्यात इनोव्हा क्रिस्टा ड्रायव्हरसह भाड्याने घेतली तर किलोमीटरला 19-20 रुपये आणि दिवसाला किमान 300 किमी धरतात. दोन दिवसांच्या फेरीला टोल, ड्रायव्हरचा भत्ता धरून 13,000 पर्यंत. वर्षाच्या पाच फेऱ्या 65,000, म्हणजे महिन्याला 5,400. हे पैसे दिवाळीच्या बोनसमधून आधीच वेगळे काढून ठेवा, म्हणजे आई-बाबांना नेताना मन कचरणार नाही. आई-बाबांशिवाय फेरी असेल तर स्वतःच्या गाडीला फास्टॅगचा वार्षिक पास काढा. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे हे राष्ट्रीय महामार्गावरचे नाके त्यात येतात. सात सीटची अर्टिगा सीएनजी बजेटमध्ये बसते, हे कुणीतरी तुम्हाला सांगेलच. तिला 2024 च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकच स्टार मिळाला. ज्या कारणासाठी वॅगन-आर बदलताय, ते लक्षात घेता मी ती सुचवणार नाही.

फॉर्च्युनरच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तिची किंमत इतर गाड्यांसारखी पडत नाही. पाच वर्षांनी तुम्हाला तिचे बऱ्यापैकी पैसे येतील. फक्त तेव्हा ती चौदा वर्षांची असेल, पंधराव्या वर्षाचं फेरनोंदणीचं बंधन समोर असेल, आणि घेणाराही त्या हिशोबानेच भाव करेल. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलल्यावर नव्या मोठ्या एसयूव्हींच्या किमतीही खाली आल्या. डीलर जुन्या शोरूम किमतीचा दाखला देऊन 18.5 मागत असेल तर तो भाव आज टिकत नाही.

म्हणून तुमचा पुढचा प्रश्न मला दिसतो: 17 लाखांना दिली तर? कर्ज साडेदहा लाखांवर येईल, हप्ता 23,600 होईल, आणि महिन्याला 19,500 ऐवजी 16,100 कमी पडतील.

टोकन परत मागा. पावतीवर काय लिहिलंय ते बघा, आणि एनओसी, रोड टॅक्स व कर्जाची मुदत याबद्दल डीलरने लेखी काहीच दिलं नाही हे कारण व्हॉट्सअ‍ॅपवर नोंदवूनच मागा. बहुतेक वेळा पूर्ण नाही तरी काही रक्कम परत येते. नाहीच आली, तरी 20,000 म्हणजे ही गाडी घेतल्यावर तुमच्या घराला पहिल्याच महिन्यात कमी पडणार होते, तेवढे पैसे.